सड्यावरचा ब्रह्मदेश

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा जिथे राहिला ते घर पाहायचं असेल, तर मंडालेला जाऊन भागत नाही. तिथला सोन्याच्या मुलाम्याचा सागवानी राजवाडा मार्च १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत जळून गेला. आज तटबंदीच्या आत दिसतात त्या इमारती १९९० च्या दशकात पुन्हा उभारलेल्या आहेत. राजाच्या हयातीतलं खरंखुरं घर मात्र अजून उभं आहे. तिथून दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर, अरबी समुद्राच्या काठी, रत्नागिरीच्या एका सड्यावर.

रत्नागिरीकरांना त्याची इतकी सवय झाली आहे की थिबा पॅलेस रोड हा त्यांच्यासाठी रोजचा रस्ता आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो पुढचं विचारत नाही. पण हा वाडा ज्या क्रमाने इथे उभा राहिला तो क्रम एकदा नीट लक्षात घेतला, की त्याच्या फाटकापाशी पाऊल आपोआप थांबतं. लाकडाच्या ओंडक्यांवरून झालेलं भांडण, पंधरा दिवसांचं युद्ध, एका देशाचं बुडणं, एका कुटुंबाची तीस वर्षं आणि कोकणातला जांभा दगड, हे सगळं या एका इमारतीत एकत्र आलेलं आहे.

भांडण होतं सागवानाचं. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन उत्तर ब्रह्मदेशातल्या जंगलात साग तोडत असे. तोडलेल्या ओंडक्यांची संख्या कमी दाखवून कंपनीने राजाचं देणं बुडवलं, असा ठपका मंडालेच्या दरबाराने ठेवला आणि १८८५ मध्ये सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रेंचांशी थिबाची जवळीक वाढते आहे ही भीती इंग्रजांना आधीपासून होतीच. दंड हे निमित्त झालं. नोव्हेंबरच्या मध्यावर इंग्रजी फौज इरावती नदीतून आगबोटींनी वर निघाली, आणि महिना संपायच्या आत मंडाले पडलं. थिबा तेव्हा २६ वर्षांचा होता. सात वर्षांपूर्वी, १८७८ मध्ये, तो गादीवर आला होता. २९ नोव्हेंबरला त्याला, राणी सुपायालातला आणि लहान मुलींना बैलगाडीतून नदीकाठी नेण्यात आलं. १ जानेवारी १८८६ रोजी, त्याच्या २७ व्या वाढदिवशी, त्याचं राज्य इंग्रजी साम्राज्यात विलीन झाल्याचं जाहीर झालं.

मद्रासमध्ये काही महिने काढून एप्रिल १८८६ मध्ये हे कुटुंब जहाजाने रत्नागिरीला उतरलं. रत्नागिरीच का, याचं उत्तर त्या काळच्या नकाशात आहे. रेल्वे नाही; कोकण रेल्वे यायला अजून एकशे दहा वर्षं जायची होती. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने आगबोटही बंद. एखाद्या माणसाला जगाच्या नजरेआड ठेवायचं तर भिंती बांधायची गरजच नव्हती, ते काम इथला पाऊस करत होता. पुढे १९२४ मध्ये सावरकरांना स्थानबद्ध करायची वेळ आली तेव्हाही सरकारने हाच जिल्हा निवडला.

पहिली चोवीस वर्षं राजा आपल्या वाड्यात राहिला नाही, कारण वाडा नव्हताच. इंग्रज अधिकाऱ्यांसाठी बांधलेले दोन बंगले त्याला देण्यात आले होते. जागा अपुरी, नोकरचाकर मोठ्या संख्येने, आणि चार मुली वाढत होत्या. थोरल्या दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासला, चौथी इथेच रत्नागिरीत. राजाने सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. तनखा पुरत नव्हता, बरोबर आणलेली माणकं एकेक करून विकली जात होती. अखेर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने नवं निवासस्थान बांधायचं ठरवलं. शहराच्या दक्षिणेला, भाट्याच्या खाडीवर नजर टाकणारी सुमारे २७ एकरांची जागा निवडली गेली. नव्या घराच्या आखणीत राजाने स्वतः बारकाईने लक्ष घातलं, आणि नोव्हेंबर १९१० मध्ये कुटुंब तिथे राहायला आलं.

याच नोव्हेंबर १९१० मध्ये, मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, एका लाकडी खोलीत, रत्नागिरीत जन्मलेला एक माणूस पेन्सिलीने एक ग्रंथ लिहायला बसला होता. बाळ गंगाधर टिळक. त्यांचं जन्मघर थिबाच्या वाड्यापासून फार लांब नाही. १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला पाठवण्यात आलं. ‘गीतारहस्य’ तिथे त्या हिवाळ्यात लिहून झालं. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत नव्या घराचा उंबरा ओलांडत होता, तेव्हा रत्नागिरीचा सुपुत्र त्या राजाच्या जुन्या तटबंदीच्या आत बंदिवान होता. एकाच सत्तेने दोघांना आपापल्या मुळापासून उपटून एकमेकांच्या गावी नेऊन ठेवलं होतं. ही जुळणी कुणी ठरवून केलेली नाही. तरीही ती वाचल्यावर मी नकाशा उघडून दोन्ही ठिकाणांवर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो.

आता वाड्याकडे वळू. खरं तर आधी वाड्याच्या खालच्या जमिनीकडे पाहायला हवं. कोकणात डोंगराच्या माथ्यावरच्या सपाट, कातळी पठाराला सडा म्हणतात. हा कातळ म्हणजे जांभा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले आणि काळा बेसाल्ट तयार झाला. पुढे लाखो वर्षं उष्ण, दमट हवेत आणि धो धो पावसात तो कुजत गेला. सिलिका आणि विरघळणारे क्षार पाण्याबरोबर वाहून गेले, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. लोह गंजलं, आणि दगड लाल झाला. रत्नागिरीच्या मातीचा रंग, घरांचा रंग, पावसाळ्यातल्या ओहोळांचा रंग हा सगळा गंजाचा रंग आहे.

या दगडाची कमाल अशी की जमिनीत असताना तो मऊ असतो. टिकावाने, कुदळीने त्याचे चौकोनी चिरे काढता येतात. उघड्या हवेत वाळला की त्यातलं लोह घट्ट बसतं आणि चिरा वर्षागणिक कणखर होत जातो. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश प्रवाशाने मलबारच्या प्रवासवर्णनात हा प्रकार नोंदवला आणि युरोपातल्या शास्त्रज्ञांना या दगडाची ओळख झाली. इथल्या गवंड्यांना ती कित्येक शतकं आधीपासून होती. याच सड्यांवर, रत्नागिरीच्या आसपास, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने प्राण्यांची आणि गूढ आकारांची कातळशिल्पं कोरून ठेवली आहेत. उक्षी, जांभरूण, निवळी ही गावं त्यासाठी आता प्रसिद्ध झाली. जांभ्यावर खूण उमटवायची इच्छा कोकणात फार जुनी आहे, थिबाचा वाडा त्या लांबलचक यादीतली अगदी अलीकडची नोंद म्हणायची.

वाडा दुरून दिसतो तो लालसर भिंतींचा आणि उतरत्या छपरांचा. छपरांचा उतार हा शोभेचा भाग नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाणी छपरावर क्षणभरही रेंगाळता कामा नये. नैऋत्येकडून येणारा वारा पाऊस आडवा मारतो, म्हणून भिंतीच्या बाहेर रुंद व्हरांडा हवा. झडीचा मारा व्हरांड्यावर संपतो आणि आतल्या खोलीची भिंत कोरडी राहते. कोकणातल्या साध्या घराची पडवी हेच काम करते. गरीब घरात पडवीला पावसाळ्यापुरते नारळाचे झाप बांधतात, इथे खांब आणि लाकडी कठडे आहेत, पण गणित तेच.

मग खिडक्या. या वाड्याचं सगळ्यात देखणं अंग म्हणजे त्याच्या अर्धवर्तुळाकार, कोरीव लाकडी खिडक्या. कमानीच्या भागात रंगीत काचा आहेत. समुद्राकडून येणारं दुपारचं ऊन फार तीव्र असतं; काच ते गाळून घेते आणि खोलीत उजेड येतो, पण डोळे दिपत नाहीत. सूर्य खाली आला की तिरप्या किरणांनी तेच रंग जमिनीवर पसरतात. आत एक मोठं दालन आहे, संगमरवरी फरशीचं. दरबारासाठी, नाचगाण्यासाठी केलेलं. इमारतीच्या दोन बाजू मधल्या मोकळ्या चौकाला कवेत घेतात, त्यामुळे वारा एका अंगाने आत येतो आणि दुसऱ्या अंगाने निघून जातो. मागच्या बाजूला राजाने बसवलेली बुद्धमूर्ती आहे. आणि लाकूडकामात ब्रह्मदेशी साग आहे. ज्या सागासाठी त्याचं राज्य गेलं, तोच साग त्याच्या बंदिवासाच्या घरात दारं-खिडक्या होऊन बसला.

इतकं पाहून झाल्यावर, इथे काय नाही ते शोधायला लागा. वाड्याची खरी गोष्ट तिथे सुरू होते.

ब्रह्मदेशात इमारतीचा मान तिच्या छपरावरून कळत असे. एकावर एक चढत, लहान होत जाणारी टोकदार छपरं, म्हणजे प्यात्थात, ही फक्त राजा आणि धर्म यांच्यासाठी राखलेली होती. मंडालेच्या राजवाड्यात सिंहासनाच्या बरोबर वर सात टप्प्यांचा असा मनोरा होता, आणि विश्वाचा मध्य तो असं मानलं जाई. रत्नागिरीत एकही टप्पा नाही. साधं, भलंमोठं, उतरतं छप्पर आहे, सार्वजनिक बांधकाम खात्याने कुठल्याही बड्या अधिकाऱ्याच्या बंगल्याला दिलं असतं तसं. दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. मंडालेतल्या राजाच्या इमारती उंच जोत्यावरच्या, पण एकमजली होत्या. आपल्या डोक्यावरून कुणाचे पाय चालावेत हे ब्रह्मी माणसाला अपमानाचं वाटे, राजाला तर अशक्यच. रत्नागिरीचा वाडा मजल्यावर मजला चढवून बांधलेला आहे. राजासाठी बांधला, पण राजा म्हणून नाही, हे इंग्रजांनी कुठल्या कागदावर लिहायची गरज नव्हती. ते चुना आणि चिऱ्यांत लिहून ठेवलेलं आहे.

आणि सिंहासन. मंडालेचं सिंहासन इंग्रजांनी कलकत्त्याच्या संग्रहालयात नेऊन ठेवलं होतं. ब्रह्मदेश १९४८ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा ते परत गेलं आणि आज यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. राजा मात्र कधीच परत गेला नाही.

राज्य घेतल्यावर राजाचं काय करायचं, हा प्रश्न त्या शतकात सत्ताधाऱ्यांना वारंवार पडत होता, आणि त्यातून जगभर एक वेगळीच वास्तुपरंपरा तयार झाली: हद्दपार राजांची घरं. नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर लाँगवूड या ओलसर घरात ठेवलं. त्याच्यासाठी शेजारी नवं घर बांधायला घेतलं, ते तयार होत आलं तोवर १८२१ मध्ये तो वारला; त्याने त्यात एक रात्रही काढली नाही, आणि ते घर पुढे पाडलं गेलं. अवधचा नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला राहिला आणि तिथे त्याने कोठ्या, बागा, प्राणिसंग्रह असं आपलं छोटं लखनौच वसवलं. १८८७ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्यातलं बहुतेक सगळं मोडीत निघालं. दिल्लीचा शेवटचा बादशाह बहादूरशाह जफर तर थिबाच्याच देशात, रंगूनला नेला गेला होता. १८६२ मध्ये तो तिथे वारला आणि त्याची मूळ कबर १९९१ पर्यंत सापडलीही नव्हती. हे सगळं आठवलं की रत्नागिरीच्या वाड्याचं मोल कळतं. राजासाठी बांधलेलं, राजा प्रत्यक्ष राहिलेलं, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ उभं असलेलं हद्दपारीचं घर फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतं.

राजाला ते घर सहाच वर्षं लाभलं. १९१२ मध्ये धाकटी राणी, सुपायालातची बहीण, इथे वारली. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा गेला, वयाच्या ५७ व्या वर्षी. सुपायालातने दोघांनाही रत्नागिरीच्या मातीत पुरू द्यायला नकार दिला. अंत्यसंस्कार मंडालेतच होतील हा तिचा हट्ट होता. देह जतन करून वाड्याच्या आवारात ठेवण्यात आले. सरकार बधलं नाही. १९१९ मध्ये दोघांचं दफन रत्नागिरीतच झालं, आणि त्यानंतर त्याच वर्षी राणीला मुलींसह मायदेशी जाऊ दिलं. तेही रंगूनपर्यंतच. मंडाले तिला पुन्हा दिसलं नाही. १९२५ मध्ये ती रंगूनला वारली.

राजाची समाधी शिवाजीनगर भागात आहे. वाडा पाहून परतणाऱ्यांपैकी फार कमी लोक तिथे जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी तिथे येऊन आदरांजली वाहिली. राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, डिसेंबर २०१६ मध्ये, त्याचे वंशज आणि म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष या समाधीपाशी आले होते. एका आख्ख्या देशाच्या इतिहासातला शेवटचा राजा आपल्या गावात पुरलेला आहे, ही जाणीव त्या दिवशी रत्नागिरीतल्या अनेकांना पहिल्यांदा झाली असेल.

पण या घराण्याचा रत्नागिरीशी असलेला संबंध दगडापुरता राहिला नाही. नवा वाडा उभा राहण्याआधीच थोरल्या राजकन्येचं मन राजाकडे दरवानी करणाऱ्या एका मराठी माणसावर जडलं. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. तिचं नाव टू टू. १९१९ मध्ये मायलेकी ब्रह्मदेशात गेल्या आणि काही काळाने परत आल्या. थोरली राजकन्या १९४७ मध्ये रत्नागिरीतच वारली. टू टूने इथेच लग्न केलं, मुलंबाळं वाढवली, अडचणीत दिवस काढले, आणि २००० साली ती गेली. मराठी ही तिची रोजची भाषा होती. मंडालेच्या सुवर्णसिंहासनावर बसलेल्या राजाची नात रत्नागिरीत लोकांच्या शेजारी राहत होती, बाजारात जात होती, आणि त्या शेजाऱ्यांतले कित्येक आजही हयात आहेत. राजवाडा पाहताना मला भिंतींइतकीच ती आठवते. घराण्याच्या राजकारणाने नव्हे, एका साध्या ओढीने ब्रह्मदेश आणि कोकण यांची गाठ बांधली गेली.

कुटुंब गेल्यावर वाडा सरकारी कामांसाठी वापरला गेला, आणि आता तो राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. आत संग्रहालय आहे. जानेवारीत आर्ट सर्कल ही रत्नागिरीची संस्था वाड्याच्या पुढ्यात संगीत महोत्सव भरवते, आणि रात्री प्रकाशात उजळलेल्या त्या कमानींसमोर हजारो माणसं गाणं ऐकत बसतात. जवळच थिबा पॉइंट आहे. तिथल्या उद्यानातून खाली काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते, भाट्याचा पूल, राजीवड्याची वस्ती, नारळाच्या बागा आणि पश्चिमेला उघडं क्षितिज. मुलं घसरगुंडीवर खेळत असतात, आजीआजोबा बाकांवर बसलेले असतात.

वाड्याला स्वतःचे शत्रू आहेत. समुद्रावरचा खारा वारा लोखंडाचे खिळे आणि बिजागऱ्या खातो. पाऊस कौलांच्या फटींतून शिरला की वासे कुजायला एक हंगाम पुरतो. साग चिवट खरा, त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी त्याला सहजी शिवत नाही, पण तेलपाण्याशिवाय तोही उन्हात तडकतो. जांभ्याच्या भिंतींत ओल धरली की शेवाळ चढतं आणि रोपटी मुळं रुतवतात. अशा इमारतीची देखभाल दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, न चुकता करावी लागते. छप्पर शाकारणं, पन्हळी साफ करणं, लाकडाला तेल देणं. कोकणातल्या प्रत्येक जुन्या घराचा मालक हे जाणतो. राज्य सरकारच्या ताब्यातल्या वास्तूसाठीही नियम वेगळा असू शकत नाही, आणि त्यासाठी पैसे आणि कसबी सुतार, गवंडी दोन्ही लागतात. जांभा आणि कौलं यांचं काम जाणणारे हात कोकणातही कमी होत चालले आहेत. त्यांना काम मिळत राहणं हा वाडा टिकवण्याचाच भाग आहे.

पर्यटक बहुतेक डिसेंबर-जानेवारीत येतात. शक्य असेल तर एकदा जुलैत जा. सडा तेव्हा गवताने हिरवा झालेला असतो, कातळाच्या खोलगट जागांत पाणी साचून त्यात इवली निळी-जांभळी फुलं उगवतात. वाड्याच्या व्हरांड्यात उभे राहा, आणि पाऊस कुठवर येतो व कुठे थांबतो ते बघा. छपराचा उतार, व्हरांड्याची रुंदी, जोत्याची उंची, सगळ्याची कारणं तिथे उभ्या उभ्या कळतात. मग थिबा पॅलेस रोडने खाली उतरून शिवाजीनगरात समाधीवर जा, आणि वेळ उरला तर टिळक आळीतलं जन्मघरही पाहा. हे सगळं एका दुपारी पायी होऊ शकतं. दोन्ही घरं एकाच दिवशी पाहिली, तर १९१० सालचा तो नोव्हेंबर आपोआप डोळ्यांपुढे जुळून येतो.